अठराव्या वर्षी रायफल, एकविसाव्या वर्षी पिस्तूल: अमेरिकी घटना नेमकं काय म्हणते?

निवडुंग | १२ जुलै २०२५

हा धागा डिसेंबरपासून डोक्यात घोळतोय. आज लिहून टाकते.

मागच्या डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा कॉलेजातून घरी आला होता. वय १९. आम्ही ह्यूस्टनच्या बाहेर राहतो. इथल्या मित्रांबरोबर तो शाळेत असल्यापासून रेंजवर जातो, त्यामुळे बंदूक त्याला नवी नाही. मला तिची सवय आजही झालेली नाही. आता तो तीन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो. तिथे दोनदा चोरी झाली, तेव्हापासून त्याच्या मनात पिस्तूल घ्यायचं होतं. नवरा म्हणाला, आधी दुकानात जाऊन बघून तर येऊ. मीही गेले.

काउंटरवरच्या माणसाने ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं. इथे २१ पूर्ण न झालेल्यांचं लायसन्स उभं छापलेलं असतं, मोठ्यांचं आडवं. त्याने ते उभं कार्ड पाहिलं, जन्मतारीख वाचायच्या भानगडीत न पडता पिस्तूल परत काचेखाली ठेवलं आणि मागच्या भिंतीकडे हात केला. "हे मला तुला विकता येत नाही. त्या भिंतीवरचं बघ, त्यातलं विकता येईल." भिंतीवर रायफली होत्या. एआर-१५ पद्धतीच्या, सैनिकी धाटणीच्याही होत्या.

नवऱ्याने विचारलं, मी घेऊन याला दिलं तर? माणूस सरळ होता, त्याने नीट समजावलं. स्वतःच्या पैशाने घेऊन मुलाला खरोखर भेट देणार असाल तर चालेल. पण पैसे याचे असतील आणि खरा खरेदीदार मीच, असं फॉर्मवर लिहून तुम्ही सही केलीत, तर तो संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा होतो. आम्ही काहीच न घेता परतलो.

गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मी मत देतो. उद्या सैन्यात जाऊ शकतो. ज्युरीत बसवतील. मग रात्री दाराशी कुणी आलं तर मी अर्धाच नागरिक का?" मला उत्तर सुचलं नाही. माझ्या डोळ्यांसमोरून ती भिंत हलत नव्हती.

घरी येऊन वाचायला लागले. हा कायदा १९६८चा. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर जॉन्सन यांच्या सहीने झालेला. परवानाधारक विक्रेत्याने २१ खालच्याला पिस्तूल विकायचं नाही आणि १८ खालच्याला रायफल किंवा शॉटगन विकायची नाही. पण परवाना नसलेल्या खाजगी माणसाकडून १८ वर्षांच्या मुलाने पिस्तूल घेतलं तर संघराज्याचा हा कायदा आड येत नाही. बाळगायलाही मनाई नाही. ती १९९४च्या कायद्याने १८ खालच्यांपुरती आहे. म्हणजे अडवलाय तो दुकानातला एक रस्ता.

आणि ३० जानेवारीला मुलाचा फोन आला. आमच्या पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठी मिळून असलेलं संघराज्याचं अपील न्यायालय) हीच पिस्तूलबंदी घटनाबाह्य ठरवली होती. टेक्सास, लुईझियाना आणि मिसिसिपी या सर्किटमध्ये येतात. याच न्यायालयाने २०१२मध्ये हाच कायदा वैध ठरवला होता. पुढे १८ जूनला रिचमंडच्या चौथ्या सर्किटने हाच कायदा, तेच कलम, वैध ठरवलं. देश एक, घटना एक, आणि दोन न्यायालयं विरुद्ध दिशांना.

माझं मत सांगून टाकते, मागून नको. माझ्या मते २१ची अट घटनेत बसते आणि ती रायफलींनाही लावायला हवी. पण मुलाच्या प्रश्नाला "मला भीती वाटते" हे उत्तर पुरणार नाही, हेही मला कळतं. कायदा, इतिहास जाणणाऱ्यांनी लिहावं. विरोधी मत असेल तर जरूर लिहावं.

---

सातबारा | १२ जुलै २०२५

निवडुंगताई, मी कोल्हापुरात दिवाणी वकिली करतो. अमेरिकेत सनद नाही, पण चौथ्या सर्किटचं निकालपत्र मुद्दाम पूर्ण वाचलं, कारण त्याचा सगळा डोलारा ज्या शब्दावर उभा आहे त्या शब्दावर माझं घर चालतं. तो शब्द म्हणजे "अज्ञान".

आपल्या सातबाऱ्यावर खातेदार लहान असला की नावापुढे "अ.पा.क. आई" असं लिहिलेलं असतं. अज्ञान पालनकर्ता. आपल्या कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे मूर्ख नव्हे. ज्याची सही अजून त्याला बांधत नाही, तो. वय पूर्ण झालं की तो सज्ञान. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात सज्ञान होण्याचं वय होतं २१, आणि १७९१मध्ये शस्त्रांबाबतची घटनेची दुसरी दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा अमेरिकेतही तेच होतं. इंग्लंडच्या कायद्यावरचं ब्लॅकस्टोनचं भाष्य तिथल्या प्रत्येक वकिलाच्या टेबलावर असायचं आणि त्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे.

याचा बंदुकीशी संबंध काय? आपल्याकडे १९०३च्या मोहोरीबीबी खटल्यापासून अज्ञानाचा करार मुळातच शून्य. तिकडे तसं नव्हतं. करार व्हायचा, पण अज्ञान माणूस तो केव्हाही मोडू शकायचा. अठरा वर्षांच्या पोराने दुकानातून बंदूक नेली आणि चार महिन्यांनी परत आणून "माझे पैसे द्या" म्हटलं, तर दुकानदाराला द्यावे लागत. अन्न, वस्त्र अशा गरजेच्या वस्तू सोडल्या तर सगळ्यालाच हा नियम. त्यामुळे कुठलाही शहाणा व्यापारी बापाशिवाय आलेल्या पोराला महागडी वस्तू विकायला धजत नसे. चौथ्या सर्किटचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विल्किन्सन यांचं म्हणणं थोडक्यात असं: तेव्हा २१ खालच्या मुलाला स्वतःच्या बळावर बाजारात बंदूक मिळवणं अवघडच होतं, १९६८चा कायदा तेच आजच्या भाषेत करतो, मग त्याला परंपरेबाहेरचा कसा म्हणायचा?

फ्लोरिडाच्या २१च्या कायद्यावर अकराव्या सर्किटच्या पूर्णपीठाने मार्चमध्ये ८ विरुद्ध ४ असा, कायद्याच्या बाजूने निकाल दिला, त्याचाही गाभा हाच.

मला हा युक्तिवाद पटतो. पोरं धोकादायक असतात असं तो म्हणत नाही, म्हणून जास्त पटतो. व्यवहाराची जबाबदारी कुणी घ्यायची, एवढाच प्रश्न तो विचारतो.

---

मंजिरी_पुणे | १२ जुलै २०२५

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे २१ पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीचा परवानाच नाही (नेमबाजीच्या सरावासाठी वेगळी सोय आहे), आणि परवाना हा हक्कही नाही, सरकारने दिला तर मिळतो. त्यामुळे हा वाद वाचताना पहिल्यांदा गोंधळ होतो. १९ वर्षांच्या मुलाला पिस्तूल नाही, यात घटनेचा प्रश्न येतोच कुठे?

---

रानवारा | १३ जुलै २०२५

मंजिरीताई, प्रश्न येतो कारण तिथल्या घटनेत तो हक्क लिहिलेला आहे. आवडो न आवडो. २००८मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, आणि पिस्तूल हेच लोकांचं घरातलं पसंतीचं शस्त्र आहे. २०१०मध्ये तो राज्यांनाही लागू झाला. आणि २०२२च्या ब्रुएन निकालापासून कसोटीच बदलली. कायदा उपयोगी आहे की नाही हे न्यायालय आता तोलत नाही. हक्काच्या मजकुरात गोष्ट बसली, की बंदीला देशाच्या जुन्या परंपरेत आधार आहे हे सरकारने दाखवायचं.

मी मिनेसोटात राहतो, इथे आठव्या सर्किटने गेल्या जुलैत १८ ते २० वयाच्यांना शस्त्र बाळगून फिरण्याचा परवाना नाकारणारा राज्याचा कायदा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने या एप्रिलमध्ये त्यात हात घातला नाही. मला तो निकाल योग्य वाटतो आणि का ते सांगतो.

घटनेत शब्द आहे "लोकांचा" हक्क. हाच शब्द पहिल्या दुरुस्तीत आहे, चौथ्या दुरुस्तीत आहे. १९ वर्षांच्या मुलीला भाषणस्वातंत्र्य आहे, तिच्या घराची झडती वॉरंटशिवाय होत नाही. मग ती पहिल्या आणि चौथ्या दुरुस्तीत लोकांमध्ये मोजली जाते आणि मधल्या एकाच दुरुस्तीत मोजली जात नाही, हे कसं?

आणि इतिहासच बघायचा तर मे १७९२चा मिलिशिया (म्हणजे सामान्य नागरिकांची फौज) कायदा बघा. दुसरी दुरुस्ती होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुष नागरिकाने नाव नोंदवायचं आणि सहा महिन्यांत स्वतःची बंदूक आणायची. कायद्यात यादी आहे: चांगली मस्केट, संगीन, दोन जादा गारगोट्या, पाठपिशवी, आणि कमीत कमी २४ काडतुसं मावतील अशी पेटी. सरकार ज्याला शस्त्र आणलंच पाहिजे म्हणत होतं, त्यालाच शस्त्र नको असंही म्हणत होतं, हे मला पटत नाही. पाचव्या सर्किटच्या न्यायमूर्ती एडिथ जोन्स यांनी याच कायद्यावर भर दिलाय.

निवडुंगताई, तुमच्या भीतीचा मला आदर आहे. पण माझी भाची २० वर्षांची आहे, रात्रपाळी करून एकटी घरी जाते. तिला पोलीस यायला लागणारी वीस मिनिटं मी मोजून पाहिली आहेत. तिला मी काय सांगू, अजून वर्षभर थांब?

---

सातबारा | १३ जुलै २०२५

रानवारा, मिलिशियाचा मुद्दा भक्कम आहे, तो टाळून चालणार नाही. पण १७९२चा कायदा "आण" म्हणतो, "दुकानात जाऊन विकत घे" म्हणत नाही. अठरा वर्षांच्या पोराची बंदूक कुठून यायची? कित्येक राज्यांच्या मिलिशिया कायद्यांत लिहिलं होतं की मुलगा अज्ञान असेल तर बंदूक बापाने किंवा पालकाने द्यायची, नाही दिली तर दंड बापाला. बाप गुन्हेगार ठरतो, मुलगा नाही. मुलाची स्वतःची खरेदी गृहीत धरली असती तर असं लिहायची गरजच नव्हती.

दुसरं म्हणजे मिलिशिया हे कर्तव्य. कर्तव्याच्या वयावरून हक्काचं वय काढायला गेलात तर काही वसाहतींत ते सोळा होतं. मग सोळाव्या वर्षीही विकायचं का?

---

रानवारा | १३ जुलै २०२५

सोळा कुणी मागत नाही. आणि "बाप देईल" हे तेव्हा ठीक होतं, कारण २१ पर्यंत मुलगा बापाच्या ताब्यात होता, त्याची मजुरीही कायद्याने बापाची होती. आज अठराव्या वाढदिवशी बापाची जबाबदारी संपते. ज्याला बापच नाही, त्याने काय करायचं?

---

केवडा | १३ जुलै २०२५

मी फ्लोरिडात ब्रोवर्ड काउंटीत राहते, जिथल्या शाळेत गोळीबार झाला त्या पार्कलँडपासून पंधरा मिनिटांवर. १४ फेब्रुवारी २०१८ला माझा मुलगा तिसरीत होता. त्याची शाळा वेगळी, पण त्या दुपारी आमच्याही शाळेचं फाटक बंद केलं होतं. मी बाहेर जाळीला धरून उभी होते, बाकीच्या आयाही होत्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हेलिकॉप्टरचा आवाज एवढा होता की फोन कानाला लावून उपयोग नव्हता. सतरा जण गेले. मारणारा १९ वर्षांचा होता, आणि रायफल त्याने दुकानातून कायद्याने घेतलेली होती. निवडुंग, तू पाहिलीस तशाच भिंतीवरून.

रिपब्लिकन बहुमताच्या विधानसभेने तीन आठवड्यांत कायदा केला. ९ मार्चला राज्यपाल रिक स्कॉट यांनी सही केली. सगळ्या बंदुकांच्या खरेदीचं वय २१. एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेने त्याच दिवशी दावा लावला. सात वर्षं तो चालला. अकराव्या सर्किटचे मुख्य न्यायाधीश विल्यम प्रायर हे कट्टर पुराणमतवादी मानले जातात. निकाल त्यांनीच लिहिला, आणि तोही कायद्याच्या बाजूने. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली ती इथे सांगते, कारण बहुतेकांना ती माहीतच नसते. फ्लोरिडाचा कायदा २१ खालच्या मुलांना बंदूक ठेवायला किंवा वापरायला बंदी घालत नाही. आईबापाने दिली तर चालते. बंदी आहे ती त्याने एकट्याने जाऊन विकत घेण्याला.

मला यातलं एवढं कळतं. एकटा गेला तर कुणालाच कळत नाही. आईबापाकडे मागायला लागलं, तर निदान एका माणसाला त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

अलीकडे दरवर्षी आमचं प्रतिनिधीगृह हे वय परत १८ करायचं विधेयक मंजूर करतं आणि दरवर्षी ते सिनेटमध्ये अडकतं. आम्ही काही जणी दरवर्षी राज्याच्या राजधानीला, टालाहासीला जातो. सहा-सात तासांचा रस्ता आहे.

---

निवडुंग | १३ जुलै २०२५

केवडा, वाचून झाल्यावर फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. इथे टेक्सासमध्ये २४ मे २०२२ला उव्हाल्डीच्या शाळेत एकोणीस लहान मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तो मारेकरी नुकताच अठराचा झाला होता, वाढदिवसानंतर काही दिवसांतच दोन रायफली घेतल्या त्याने. दहाच दिवस आधी बफलोमध्ये दहा जण मारणाराही अठराचाच. मी दुकानातली ती भिंत विसरू शकत नाही म्हणते ते म्हणून.

---

पिंपळपार | १४ जुलै २०२५

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते (ओहायो). सामूहिक गोळीबाराच्या बातम्या होतात, पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. माझ्याकडे जी विशीतली मुलं येतात त्यांच्यात हा विचार लाटेसारखा येतो आणि लाटेसारखाच ओसरतो. काही तास, कधी एखादी रात्र. त्या रात्री घरात काय आहे, यावर सगळं ठरतं. गोळ्या घेतलेला मुलगा पुष्कळदा वाचतो, पिस्तुलाचा नाही वाचत.

माझी खरी तक्रार कसोटीबद्दल आहे. रानवारा यांनी सांगितलं तसं, ब्रुएनपासून न्यायालय हा पुरावा तोलतच नाही. मेंदूचा आवेग आवरणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, हे आम्ही शंभर पानांत लिहून दिलं तरी न्यायाधीश विचारणार, १७९१ला असा कायदा होता का. त्या काळी शेतावरच्या मुलाच्या हातात एका वेळी एक गोळी उडवणारी मस्केट होती, पुन्हा भरायला वेळ लागायचा. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलाशी त्या मुलाची तुलना कशी करायची?

२०२२च्या जूनमधल्या द्विपक्षीय कायद्याने एक चांगलं केलं. २१ खालचा खरेदीदार असेल तर बालवयातल्या नोंदी आणि मानसिक आजाराच्या नोंदीही तपासायच्या, शंका आली तर दहा कामाचे दिवस थांबवता येतं. दहा दिवस. आमच्या कामात दहा दिवस म्हणजे फार मोठी गोष्ट असते.

---

रानवारा | १४ जुलै २०२५

पिंपळपार, त्या दहा दिवसांना माझा विरोध नाही, पूर्ण पाठिंबा आहे. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला थांबवा. सगळ्या पिढीलाच शंकेखाली ठेवणं मला मान्य नाही.

---

जुनीपानं | १४ जुलै २०२५

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडं. सगळ्या निकालांत भांडण आहे ते कुठल्या सालचा इतिहास धरायचा यावर. १७९१ धरला तर २१ खालच्यांना विक्रीबंदी करणारे कायदे सापडत नाहीत. सापडतो तो सातबारा यांनी सांगितलेला कराराचा नियम. १८६८ धरला, म्हणजे ज्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे हे हक्क राज्यांनाही लागू झाले ती दुरुस्ती झाली ते साल, तर चित्र बदलतं. अलाबामा आणि टेनेसीने १८५६मध्येच अज्ञानांना पिस्तूल विकायला बंदी घातली होती, आणि शतक संपेपर्यंत अशा राज्यांची रांग लागली. पाचवं सर्किट म्हणतं हे कायदे फार उशिराचे. चौथं आणि अकरावं म्हणतात, आधी जे चालत होतं तेच पुढे लिहून काढलं.

एक कागद मला फार बोलका वाटतो. ऑक्टोबर १८२४, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाची बैठक. हजर सदस्यांत थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन. मॅडिसन म्हणजे ज्यांनी दुसऱ्या दुरुस्तीचा मसुदा मांडला तेच. त्या बैठकीत ठरलं की विद्यार्थ्याने आवारात दारू आणायची नाही, कुठलंही शस्त्र किंवा दारूगोळा ठेवायचा नाही, आणि नोकर, घोडा, कुत्राही ठेवायचा नाही. आता हा काही सरकारी विक्रीबंदीचा कायदा नव्हे, विद्यार्थी संस्थेच्या ताब्यात होते, तेव्हा यावरून फार मोठं अनुमान काढू नये. पण ज्यांनी हक्क लिहिला त्यांना विशीखालच्या मुलांच्या हातातली बंदूक आणि घोडा एकाच यादीत टाकताना अडचण वाटली नाही, एवढं तर दिसतं.

आणि एक बोचरी गोष्ट. १७९२च्या कायद्यात शब्द आहे "गोरा पुरुष". रानवारा यांची भाची त्या यादीत नाही, निवडुंगताईंचा मुलगाही नाही. १८५७च्या गुलामगिरीवरच्या ड्रेड स्कॉट निकालात तर सरन्यायाधीश टॅनी यांनी लिहिलं की काळ्या माणसांना नागरिक मानलं तर त्यांना जिथे जातील तिथे शस्त्रं बाळगता येतील, आणि ते होऊ नये म्हणून नागरिक मानायचं नाही. आपल्या मुलांचा हक्क मोजायला आपण तोच काळ धरतोय, याचं मला वाईट वाटतं. मात्र २०२४च्या रहिमी निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ८ विरुद्ध १ बहुमताने सांगितलं की जुळा कायदा सापडायची गरज नाही, त्यामागचं तत्त्व जुळलं की पुरे. विरोधात एकटे न्यायमूर्ती थॉमस, ज्यांनी स्वतः ब्रुएन लिहिला होता. तिथून वाट जरा रुंद झाली आहे.

---

मंजिरी_पुणे | १४ जुलै २०२५

आता कळलं. धन्यवाद सगळ्यांना. एक शंका, सर्वोच्च न्यायालयाने थेट १८-२१वर काही सांगितलंय का?

---

सातबारा | १४ जुलै २०२५

विक्रीच्या वयावर थेट नाही. हेलरमध्ये एक वाक्य आहे की शस्त्रांच्या व्यापारी विक्रीवरच्या अटी आणि पात्रता प्रथमदर्शनी वैध मानाव्यात. दहाव्या सर्किटने नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडोचा २१चा कायदा त्याच वाक्याच्या आधारे टिकवला. पण वय ही "अट" की हक्कावरची बंदी, हे कुणीतरी वरून सांगायला हवं.

या खटल्यांची एक मोठी अडचण म्हणजे वादी मोठा होतो. चौथ्या सर्किटच्याच खंडपीठाने जुलै २०२१मध्ये हा कायदा रद्द ठरवला होता. निकाल अमलात येण्याआधी वादी २१ची झाली. दुकानात जाऊन पिस्तूल घ्यायला ती मोकळी झाली, वाद उरला नाही, म्हणून तो निकालच पुसून टाकला. तीन वर्षांचा हक्क आणि पाच-सात वर्षांचा खटला. म्हणून आता संघटना आणि एकापेक्षा जास्त वादी पुढे केले जातात.

---

निवडुंग | १५ जुलै २०२५

काल रात्री मुलाला हा धागा वाचून दाखवला, फोनवर. मराठी वाचायला त्याला जड जातं, ऐकून सगळं कळतं. "अज्ञान" शब्दाशी थांबवलं त्याने, परत सांग म्हणाला. रानवाराकाकांना थँक्यू सांग म्हणाला. केवडाचं वाचलं तेव्हा काही बोलला नाही.

शेवटी त्याने एक प्रश्न विचारला, तो जसाच्या तसा लिहिते. "त्या वकीलकाकांना विचार. १७९१मध्ये २१ खालच्याची सही चालत नव्हती म्हणून बंदूक मिळत नव्हती, बरोबर? पण आज माझी सही चालते. घराच्या भाडेकरारावर माझी सही आहे. कॉलेजच्या कर्जावर माझी सही आहे, ते मला मोडता येत नाही. राज्यांनी १९७१नंतर सज्ञान होण्याचं वय अठरावर आणलं. मग कारण गेलं, आणि नियम कसा राहिला?"

सातबारा, मी त्याला म्हटलं, हे मला येत नाही.

---

सातबारा | १५ जुलै २०२५

ताई, पोराने नेमकं तिथेच बोट ठेवलं. या सगळ्या वादात २१च्या बाजूची सर्वांत कच्ची जागा हीच आहे आणि अकराव्या सर्किटच्या विरोधी मतांतही हीच पकडली आहे.

माझं उत्तर देतो, त्याला पटेलच असं नाही. जुना नियम "२१ म्हणजे २१" एवढाच नव्हता. त्याच्या पोटात एक अधिकार होता: माणूस कुठल्या वयात कुठल्या कामासाठी पुरता जबाबदार, हे ठरवायचा अधिकार विधिमंडळाचा. तेव्हासुद्धा सगळ्याला एकच वय नव्हतं. लग्न, मृत्युपत्र, साक्ष, प्रत्येकाचं वेगळं होतं. मतदानाचं वय १९७१मध्ये सव्विसाव्या दुरुस्तीने अठरावर आलं, ते मुद्दाम घटना बदलून. करारांचं वय राज्यांनी कायद्याने खाली आणलं. दारूचं १९८४च्या संघराज्याच्या कायद्यानंतर पुन्हा २१वर गेलं. विधिमंडळांनी त्याला कर्जापुरतं सज्ञान केलं, पिस्तुलापुरतं केलं नाही, आणि २१ ही घटनाकारांच्या काळातली मर्यादा ते ओलांडतही नाही. २५ केलं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

पण ते उत्तर देताना मला जाणवतं की कर्ज हा घटनेतला हक्क नाही आणि शस्त्र हा आहे. विधिमंडळाने हक्क द्यायचा म्हटलं की तो हक्क राहत नाही. हे त्याला सांगा, माझ्या बाजूची उणीव म्हणून सांगा.

आणि त्याला विचारा, वकिली करायची आहे का.

---

रानवारा | १५ जुलै २०२५

सातबारा, शेवटून दुसरा परिच्छेद तुम्ही लिहिलात, याबद्दल मनापासून आभार. मी केवडाताईंचा प्रतिसाद काल तीनदा वाचला. भाचीला पिस्तूल घेऊन द्यायचं माझं ठरलं होतं, तेही भेट म्हणून, माझ्या पैशाने. आता आधी तिच्याकडे जाऊन दोन दिवस राहणार आहे. तिची झोप, तिचं जेवण, घरात कुणाची येजा आहे, सगळं बघतो आणि मग ठरवतो.

---

केवडा | १५ जुलै २०२५

रानवारा, जा. आणि घेतलंत तर तिजोरीही घ्या, काडतुसं वेगळी ठेवा.

---

निवडुंग | १६ जुलै २०२५

मुलाला सांगितलं. म्हणाला, "उणीव म्हणून सांगितलं? ते म्हणाले असं?" मग बराच वेळ रहिमी निकालाबद्दल विचारत होता, जुनीपानं, तुमच्याकडे तो प्रश्न घेऊन येईन. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो २१चा होईल. त्याचं आडवं कार्ड आधी येतं की वरून निकाल, बघायचं.